धाट हिरवे आहे तोवर

बारामती-फलटणपासून संगमनेर-राहुरीपर्यंतच्या दूधपट्ट्यात गोठ्याशेजारी आता कडब्याच्या गंजीइतक्याच सहजपणे मुरघासाच्या पांढऱ्या पिशव्या दिसतात. एकेकाळी मुरघास म्हणजे कृषी प्रदर्शनातला तक्ता, नाहीतर सरकारी प्रक्षेत्रावरचा खड्डा. आज तो किलोवर विकला जातो, ट्रकने जिल्हे ओलांडतो, आणि तो कापणारे, भरणारे, पोचवणारे वेगळे धंदेवाईक तयार झाले आहेत. यातला बहुतेक माल मक्याचा असतो. दाणा चिकात असताना कणसासकट तोडलेल्या अख्ख्या मक्याचा. तो उत्तम असतो यात वाद नाही. पण त्यासाठी रान, पाणी आणि खत जनावराच्या नावे बाजूला काढावे लागते. त्यातच २०१८ मध्ये आलेल्या लष्करी अळीने फवारणीचा खर्च वाढवला, आणि अलीकडे इथेनॉलवाल्यांनी मक्याच्या दाण्याला गिऱ्हाईक आणले. दाण्याला भाव असताना उभा मका कापायला शेतकऱ्याचे मन होत नाही, आणि कापला तर तो स्वस्त पडत नाही.

म्हणून पुन्हा एक जुना विचार डोके वर काढतो आहे. दाणा, कणीस किंवा ऊस माणसाने न्यावा आणि उरलेली धाटे, वाढे, वेल, पाला मुरवून गाईला घालावा. योजनांच्या पत्रकांत आणि मुरवणाऱ्या जिवाणूंचे कल्चर विकणाऱ्यांच्या जाहिरातीत हा विचार फार गोड दिसतो : टाकाऊतून दूध. तो कितपत खरा आहे, कुठल्या अवशेषाला लागू पडतो आणि कुठल्याला नाही, हे एकदा नीट मांडून पाहण्यासारखे आहे. माझ्या मते तो अर्धा खरा आहे. हा अर्धा भाग वरून घातलेल्या गूळ-युरियासारख्या पदार्थांवर किंवा पिशवीच्या जाडीवर फारसा अवलंबून नाही. अवशेष कोणत्या दिवशी हाती येतो, यावर तो अवलंबून आहे.

आधी मुरण्याची गोष्ट. हिरवा चारा बारीक करून, दाबून, हवा काढून बंद केला की त्याच्यावरचे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू चाऱ्यातली साखर खातात. आम्ल वाढते, सामू चारच्या आसपास उतरतो आणि कुजवणारे जिवाणू थंडावतात. चारा त्या अवस्थेत महिनोन्महिने राहतो. फिनलंडच्या आर्तुरी व्हिर्तानेन यांनी याच तत्त्वावर, पण बाहेरून आम्ल घालून, चारा टिकवण्याची पद्धत काढली. १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले त्यात या कामाचा मोठा वाटा होता. लांब हिवाळ्यात जनावरांना काय घालायचे, हा त्यांच्या देशाचा प्रश्न होता. आपल्याकडे हिवाळ्याच्या जागी उन्हाळा ठेवला की प्रश्न तोच.

या सगळ्यात तीन गोष्टी लागतात : पाणी, साखर आणि हवेचा अभाव. ओलावा ६५ ते ७० टक्के हवा. चाऱ्यात स्वतःची विरघळणारी साखर हवी. आणि कुट्टी एक-दोन सेंटिमीटरची असेल तरच ती दबते. दबली तरच हवा निघते. यातली तिसरी गोष्ट माणसाच्या हातात आहे. पहिल्या दोन पिकाच्या हातात, आणि काढणी झाली की दर दिवशी त्या निसटत जातात. वाळलेल्या गव्हाच्या काडात दहा टक्केही ओलावा नसतो आणि साखर जवळजवळ नसते. त्यावर पाणी शिंपडून, गूळ टाकून पिशवीत भरले तर बरेचदा मुरघासाऐवजी बुरशी मिळते.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत सांगत नाहीत. मुरवल्याने चारा टिकतो. तो सुधारतोच असे नाही. पिशवीत गेलेल्या पौष्टिकतेतला थोडा भाग आंबताना खर्चच होतो. ज्या धाटाचे काष्ठ झाले आहे ते पंचेचाळीस दिवसांनी पिशवीतून काष्ठच निघते, फक्त आंबूस वासाचे.

म्हणून अवशेषांची विभागणी पिकांच्या नावावरून न करता काढणीच्या वेळी ते हिरवे असतात की वाळलेले, यावरून करायला हवी. हिरव्यांत पहिला मान स्वीट कॉर्न आणि बेबी कॉर्नचा. बेबी कॉर्नचे कणीस कोवळेच खुडतात, स्वीट कॉर्नचे दुधाळ असताना. त्या दिवशी धाट पूर्ण हिरवे आणि गोडसर असते. कणीस गेल्यामुळे पिष्ट जाते हे खरे, पण साखर धाटात उरते, आणि असे धाट काही न घालताही चांगले मुरते. मात्र शेवटची तोडणी झाल्यावर आठ-दहा दिवस ते तसेच उभे राहिले की खालची पाने करपतात. बऱ्याच ठिकाणी कणसाचा व्यापारी रान मोकळे करायच्या घाईत नसतो आणि कुट्टीवाला दुसऱ्या गावात अडकलेला असतो, म्हणून चांगला माल वाया जातो.

दुसरा मान उसाच्या वाढ्यांचा, आणि इथे महाराष्ट्राने थोडे थांबून पाहायला हवे, कारण एवढा हिरवा अवशेष एवढ्या मोठ्या प्रमाणावर राज्याकडे दुसरा नाही. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात साखरपट्ट्यात वाढ्यांचा पूर असतो. मे महिन्यात त्याच गावात जनावराला हिरवी काडी मिळत नाही. वाढ्याचा ओलावा तोडणीच्या दिवशी मुरघासाला जवळजवळ हवा तेवढाच असतो. शेंड्याकडच्या भागात साखर कमी असते, पण मुरायला पुरते. उलट अख्खा ऊस मुरवला तर साखर इतकी असते की यीस्ट तिची दारू करतात आणि ऊर्जा उडून जाते. ब्राझीलमध्ये यावर पुष्कळ संशोधन झाले आहे. वाढ्याला हा धोका कमी.

पण वाढ्याला दोन खोडी आहेत. प्रथिने पाच-सहा टक्के, म्हणजे कमीच. कोठीपोटातल्या जिवाणूंना नीट काम करायला आहारात किमान सात टक्के प्रथिने लागतात. त्याखाली ते उपाशी, आणि ते उपाशी म्हणजे पोट भरूनही गाय उपाशी. दुसरी खोड ऑक्झलेटची. ते चाऱ्यातले कॅल्शियम बांधून ठेवते. नुसत्या वाढ्यावर ठेवलेली दुभती गाय हळूहळू आतून पोखरते आणि विण्याच्या सुमारास दुग्धज्वराने खाली बसते. साखरपट्ट्यातल्या जाणत्या लोकांना हे माहीत असते. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडायचा सल्ला पशुवैद्य फार वर्षांपासून देत आले आहेत. मुरवल्याने ऑक्झलेट निघून जाते असे धरून चालू नये. खनिज मिश्रण आणि सोबत थोडा द्विदल चारा हवाच.

वाढ्याचा खरा अडसर मात्र पोषणाचा नाही, मालकीचा आहे. वाढे परंपरेने ऊसतोड मजुराचे. बीडकडून, धाराशिवकडून आलेल्या टोळीची बैलं त्यावर जगतात, आणि उरलेल्या मोळ्या विकून मजुरांच्या आठवड्याच्या बाजाराचा खर्च निघतो. रोज थोड्या थोड्या मोळ्या दारोदार विकल्या जातात, एका जागी दहा टन कधीच पडत नाहीत. मुरघासाला मात्र एका दिवसात खड्डा किंवा बंकर भरून बंद व्हायला हवा. आता हार्वेस्टर वाढले आहेत. हे यंत्र शेंडा उडवून रानातच फेकते, आणि वाढे पाचटात मिसळून जातात. मजूरही गेला आणि वाढेही गेले, असे होऊ लागले आहे. कारखान्यांनी हार्वेस्टरच्या मागे वाढे गोळा करण्याची काही सोय केली तर चारा छावणीवर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत ती स्वस्त पडेल, असे मला वाटते. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत माण-खटावपासून बीडपर्यंत छावण्या उघडल्या, आणि तिथे जनावरांपुढे पडत होता तो मुख्यतः ऊसच, काही वेळा तर दुरून आणलेला.

तिसरा गट खरिपाच्या धान्यांचा : संकरित ज्वारी, मका, बाजरीचे सरमाड. ही पिके सप्टेंबर-ऑक्टोबरला निघतात, म्हणजे ऐन परतीच्या पावसात. दाणा काढून धाट वाळत घातले की पाऊस येतो, आणि काळा पडलेला कडबा जनावर नाकाने बाजूला सारते. मुरघासाचा खरा फायदा इथे आहे, आणि त्याच्याकडे सर्वात कमी लक्ष जाते. जे वाळवता येत नाही ते मुरवावे. दाणा पक्का झाल्यावरही ज्यांचे धाट हिरवे राहते असे संकर मका आणि ज्वारी दोन्हींत आहेत. अशा वाणाची कणसे खुडून त्याच दिवशी धाट कापले तर मुरघास जमतो. यंत्राने मळणी केली आणि धाट आठवडाभर रानात राहिले तर जमत नाही.

रब्बीच्या मालदांडीबद्दल मात्र माझे मत उलटे आहे. मोहोळला निवडलेला हा वाण सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या रानात दाण्याइतकाच कडब्यासाठी पेरला जातो. काढणीच्या वेळी हवा कोरडी, ऊन चांगले. कडबा पिवळाधमक वाळतो, गंजीत वर्ष काढतो आणि शेकड्यावर रोख विकला जातो. त्याला पिशवीत घालण्याचा उपद्व्याप कशासाठी? मुरघासाच्या उत्साहात काही पत्रके कडब्याचाही मुरघास करायला सांगतात, तेव्हा लिहिणाऱ्याने मालदांडीची पेंढी कधी हातात घेतली नसावी अशी शंका येते.

उरला वाळलेला गट : गव्हाचे काड, भाताचा पेंढा, सोयाबीनचे भुसकट, विदर्भातले कुटार. यांचा स्वतःचा मुरघास होत नाही. यांच्यासाठी दोन वाटा आहेत. एक, फार ओल्या अवशेषात मिसळून ते वापरणे. जळगावकडे केळीचा घड काढल्यावर उरणाऱ्या खांबात ९३ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. तो एकटा मुरवला तर पाझरून जातो. शंभर किलो मिश्रणात सत्तर किलो केळीचा खांब आणि तीस किलो कुटार घेतले की ओलावा बरोबर ६८ टक्क्यांवर येतो. केरळात अननसाच्या कारखान्यांतून निघणारी साले आणि पाने मुरवण्याची पद्धत बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने बसवली, तिचे गणितही अशाच प्रकारचे.

दुसरी वाट युरिया प्रक्रियेची. शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, थर दाबून तीन आठवडे बंद ठेवायचे. युरियापासून अमोनिया होतो, तो काष्ठाची बांधणी सैल करतो, आणि पेंढ्यातली प्रथिने तीन टक्क्यांवरून सातच्या आसपास जातात. हा मुरघास नव्हे. मुरघास आम्लावर टिकतो, हा अमोनियावर. दोन्हींना एकाच नावाने खपवले जाते आणि त्यातून घोटाळे होतात. १९८० आणि ९० च्या दशकांत भारतीय कृषी अनुसंधान परिषद आणि डच संशोधकांनी मिळून पिकांच्या अवशेषांवर मोठा प्रकल्प राबवला. उरुळी कांचनची बाएफ ही संस्थाही त्यात होती. युरिया प्रक्रियेचे विज्ञान पक्के ठरले, प्रसार मात्र झाला नाही. कारण सरळ होते. ज्याच्याकडे पेंढा भरपूर, पाणी हाताशी, हिरवा चारा कमी आणि दुधाला भाव, त्यालाच ती परवडते. अशी चारही गोष्टी जुळलेली घरे कमी. बाकीच्यांनी प्रात्यक्षिक पाहिले, चहा घेतला आणि घरी गेले.

चीनचा अनुभव इथे बोलका आहे. १९९२ पासून तिथल्या सरकारने काडापासून मांस-दूध अशी मोहीम चालवली. गव्हाचे काड अमोनियाने सुधारणे आणि कणीस काढलेल्या मक्याची धाटे मुरवणे हे तिचे दोन हात. बैल-रेड्यांच्या मांसासाठी ती बरीच चालली. पण दूध वाढवायची वेळ आली तेव्हा, २०१५ पासून, त्याच सरकारने धान्याचे रान चाऱ्याकडे वळवून अख्ख्या मक्याच्या मुरघासाला पैसे द्यायला सुरुवात केली. जास्त दूध देणाऱ्या गाईचे अवशेषावर भागत नाही, हे ते मोठी किंमत मोजून शिकले.

का भागत नाही, हे हिशेबाने पाहू. साडेचारशे किलोची, पंधरा लिटरची संकरित गाय दिवसाला चौदा किलोच्या आसपास शुष्क पदार्थ खाते. तिला पचणारे अन्नघटक सव्वाआठ किलो लागतात. नऊ किलो शुष्क पदार्थ चाऱ्यातून घ्यायचा ठरवला आणि तो मक्याच्या मुरघासातून, ६५ टक्के पचनीयतेचा, घेतला तर पावणेसहा किलो तिथेच भागतात. तोच वाढ्याच्या किंवा धाटांच्या, ५० टक्के पचनीयतेच्या मुरघासातून घेतला तर साडेचार. हा फरक भरायला रोज सुमारे दोन किलो जास्त पेंड लागते. मग ‘फुकटचा’ मुरघास फुकट राहिला कुठे? पण हेच गणित भाकड गाईला लावून पाहा. तिची गरज पावणेचार-चार किलोची. अवशेषाच्या मुरघासातूनच साडेचार किलो मिळतात, वर थोडी प्रथिने आणि खनिजे दिली की झाले. कालवडींचेही जवळपास असेच, फक्त त्यांना प्रथिने सढळ हाताने हवीत. गोठ्यात दुभत्या गाईंबरोबर भाकड आणि कालवडीही असतात, आणि आज बऱ्याच ठिकाणी सगळ्यांपुढे एकाच पिशवीतला महागडा मका पडतो. अवशेषाच्या मुरघासाची जागा तिथे आहे. दुभतीच्या गव्हाणीत तो तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावा.

वरून घालायच्या पदार्थांबद्दल थोडक्यात. टनाला दोन किलो गूळ, किलोभर युरिया, किलोभर मीठ, एक लिटर ताक, हे सूत्र गावोगाव पाठ आहे. मक्याच्या एक टन हिरव्या चाऱ्यात तीनशे किलो शुष्क पदार्थ आणि त्यात तीसेक किलो साखर स्वतःचीच असते. तिथे दोन किलो गुळाने काय होणार? आणि जिथे साखर खरोखर कमी आहे, अशा अर्धवट वाळलेल्या धाटांना दोन किलो पुरत नाही. वीस किलो लागतो. म्हणजे हे सूत्र जिथे लागत नाही तिथे पाळले जाते आणि जिथे लागते तिथे अपुरे पडते. युरियाचेही तसेच. टनाला एक किलोने प्रथिने एक टक्क्याने वाढतात. वाढ्याला खरा उपयोग व्हायचा तर टनाला चार-पाच किलो, तोही पाण्यात विरघळवून सारखा शिंपडून. आणि असा मुरघास वासरांना अजिबात नाही. गुठळी राहिली तर मोठे जनावरही दगावते.

छोट्या गोठ्याची अडचण वेगळीच. तीन गाईंना रोज पंचेचाळीस किलो मुरघास लागतो. पाच टनांचा खड्डा उघडला की तो साडेतीन महिने उघडाच. दर दिवशी पुढच्या तोंडाचा जाड थर निघाला नाही तर हवा आत शिरते, माल तापतो, बुरशी धरतो. पन्नास-शंभर किलोच्या पिशव्या हाच अशा घराला मार्ग. त्या महाग पडतात, आणि घुशींना त्या फार आवडतात. एका छिद्राने अख्खी पिशवी जाते. बुरशी आलेला भाग काढून उरलेला गाईला घालायची सवय सार्वत्रिक आहे, आणि तिचा हिशेब दुधात उतरतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देशभरातून घेतलेल्या ६,४३२ दूध नमुन्यांचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यातले ३६८ अफ्लाटॉक्सिन एम-१ च्या मर्यादेबाहेर होते. हे विष पाणी घालणाऱ्या गवळ्याकडून येत नाही, बुरशी लागलेल्या पेंडीतून आणि चाऱ्यातून येते.

चाऱ्याच्या तुटीचे आकडे या चर्चेत नेहमी फेकले जातात. झाशीच्या भारतीय गवत आणि चारा संशोधन संस्थेचा हिरव्या चाऱ्याच्या तुटीचा आकडा एकेकाळी ३५.६ टक्के होता. त्याच संस्थेचा नंतरचा अंदाज ११.२४ टक्के सांगतो. अवशेषांपैकी किती जनावराच्या तोंडी लागतात, हे गृहीतक थोडे हलवले की तूटही हलते. देशाच्या तुटीपेक्षा मला हैदराबादच्या कडबा बाजारातला जुना अभ्यास जास्त उपयोगी वाटतो. तिथे ज्वारीच्या कडब्याची पचनीयता ४७ वरून ५२ टक्के झाली की भाव साधारण पाव हिश्श्याने चढत असे. विकत घेणाऱ्या गवळ्यांकडे प्रयोगशाळा नव्हती; धाट वाकवून, चावून, पानांचा रंग पाहून ते हे ओळखत. म्हणजे चांगल्या अवशेषाला पैसे मोजणारा बाजार असतो, आणि तो असेल तर शेतकरी धाटाकडे लक्ष देऊन वाण निवडतो.

मुरघासाच्या बाजारात ही नजर अजून आलेली नाही, कारण पिशवी बंद असते आणि विक्री ओल्या वजनावर. समजा सहा रुपये किलोने माल घेतला. त्यात शुष्क पदार्थ ३० टक्के असेल तर चारा वीस रुपये किलोने पडला; तोच २२ टक्के असेल तर सत्तावीसने, आणि ती सात रुपयांची तफावत म्हणजे विकत घेतलेले पाणी. राष्ट्रीय पशुधन अभियानातून मुरघास उद्योगाला २०२१ नंतर निम्मे, पन्नास लाखांपर्यंत अनुदान मिळू शकते, त्यामुळे विकणारे वाढतील. शेतकऱ्याचे दूध संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफच्या दशांशापर्यंत मोजले जाते, आणि ३.५-८.५ ला किती दर यावर आंदोलने होतात. त्याच केंद्रावर एक तराजू आणि एक साधी भट्टी ठेवली, शंभर ग्रॅम मुरघास वाळवून किती उरला हे लिहून दिले, तर येणाऱ्या गाडीचा भाव उतरवायच्या आधी ठरवता येईल. स्वीट कॉर्नच्या धाटाचा मुरघास मक्याच्या नावाने विकला जातो आहे की नाही, हे त्यातून कळणार नाही. त्यासाठी पिशवीत हात घालून दाणा शोधावा लागेल.